लेनन-मॅकार्टनीची लहानपणची घरं आतून पाहायची असतील तर

लिव्हरपूलला जाऊन आलेले बरेच जण सांगतात, ‘बीटल्सची घरं बघितली.’ जरा खोदून विचारलं की कळतं, बसच्या खिडकीतून बघितली. बस दोन मिनिटं थांबली, सगळ्यांनी मोबाइल बाहेर काढले, गाईडने एक विनोद केला आणि बस पुढे निघाली. त्यात वाईट काही नाही, पण त्याला घर पाहणं म्हणता येत नाही.

‘बीटल्स’ या संगीतगटासाठी गाणी लिहिणाऱ्या दोघांपैकी जॉन लेनन वाढला ते २५१, मेनलव्ह अ‍ॅव्हेन्यू (घराचं नाव ‘मेंडिप्स’) आणि पॉल मॅकार्टनी वाढला ते २०, फॉर्थलिन रोड ही दोन्ही घरं आज नॅशनल ट्रस्ट या ब्रिटनमधल्या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहेत. १९५० च्या दशकात ती जशी होती तशी पुन्हा उभी केलेली आहेत, आणि आतून पाहता येतात. मात्र आत जायचा रस्ता एकच आहे आणि तो आधीपासून नीट ठरवावा लागतो. हा लेख त्यासाठीच. मुलामुलींकडे मँचेस्टर, लंडन किंवा बर्मिंगहॅमला महिना-दोन महिने राहायला जाणाऱ्या आईबाबांनाही तो उपयोगी पडेल, कारण त्यांच्याकडे यासाठी लागतो तो निवांत दिवस असतो.

आधी एक गैरसमज दूर करू

अल्बर्ट डॉकवरून सुटणारी रंगीबेरंगी ‘मॅजिकल मिस्ट्री टूर’ची बस, किंवा बीटल्सच्या खुणा दाखवणाऱ्या काळ्या टॅक्स्या, या दोन्हींचं तिकीट काढलं म्हणजे घरात प्रवेश मिळतो असं नाही. त्या घरं बाहेरून दाखवतात. आत नेते ती फक्त नॅशनल ट्रस्टची स्वतःची सहल. दोन्ही घरं साध्या राहत्या वस्तीत आहेत, शेजारी लोक राहतात. दारात जाऊन बेल वाजवली आणि तिकीट काढलं, असा प्रकार नाही. ट्रस्टची छोटी मिनीबस ठरलेल्या ठिकाणाहून तुम्हाला घेते, दोन्ही घरी नेते आणि परत आणून सोडते. एकूण साधारण अडीच तास जातात.

मिनीबस छोटी म्हणजे गट छोटा, पंधराएक जणांचा. याच कारणाने तिकिटं लवकर संपतात, आणि याच कारणाने ही सहल चांगली होते. २००९ मध्ये बॉब डिलन अशाच एका साध्या मिनीबसमधून इतर पर्यटकांबरोबर मेंडिप्स पाहून गेला. वेगळी व्यवस्था नाही, सुरक्षारक्षक नाहीत.

तिकीट आणि तारीख

तिकीट नॅशनल ट्रस्टच्या संकेतस्थळावरूनच काढा. मधल्या एजंटांच्या जाहिरातीत ‘चाइल्डहूड होम्स’ असे शब्द दिसले तर आत नेणार की बाहेरून दाखवणार हे स्पष्ट विचारा. तुमच्या मुलाकडे किंवा मुलीकडे ट्रस्टचं सभासदत्व असेल (ब्रिटनमध्ये बाग-किल्ले हिंडणाऱ्या पुष्कळ मराठी घरांत ते असतं) तर दर कमी पडतो, पण सभासदांनाही जागा आधी राखून ठेवावीच लागते. कार्ड दाखवून आत शिरू, हा हिशेब इथे चालत नाही.

हिवाळ्यात घरं बंद असतात. हंगाम साधारण मार्चपासून शरद ऋतूपर्यंतचा, आणि आठवड्याचे सगळे दिवस सहली नसतात. म्हणून आधी सहलीची तारीख पक्की करायची आणि मग रेल्वे-हॉटेल, उलटं नाही. शनिवार-रविवार आणि इंग्लंडच्या शाळांच्या सुट्ट्या टाळता आल्या तर टाळाच. एप्रिलमध्ये एंट्री (Aintree) नावाच्या मैदानावर ग्रँड नॅशनल ही घोड्यांची शर्यत असते आणि ऑगस्टच्या अखेरीस बीटल्स-सप्ताह असतो. या दोन्ही वेळी, आणि लिव्हरपूलचा घरच्या मैदानावर फुटबॉल सामना असेल तेव्हाही, हॉटेलांचे दर डोळे पांढरे करतात.

भारतातून खास येणार असाल तर स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा लागतो, हे वेगळं सांगायला नको. तो हातात पडायच्या आधी सहलीचं तिकीट काढावं की नाही, हा प्रश्न मात्र खरा आहे. काढणार असाल तर तारीख बदलण्याच्या आणि पैसे परत मिळण्याच्या अटी वाचून काढा.

पोहोचायचं कसं

लंडनच्या युस्टन स्थानकावरून लिव्हरपूल लाइम स्ट्रीटला थेट गाडी आहे, सव्वादोन तासांच्या आसपास. मँचेस्टरहून तासाभराच्या आत पोहोचता. एका दिवसात जाऊन-येऊन करायचं असेल तर मँचेस्टरकरांना सहज जमतं. लंडनहून जमतं, पण मग घड्याळ बघत घर पाहिलं जातं. एक रात्र राहा.

मिनीबस कुठून सुटते ते तुमच्या तिकिटावर लिहिलेलं असतं. ते वाचा, कारण ही जागा पूर्वी बदललेली आहे. स्पीक हॉल हे नाव असेल तर ती दक्षिण लिव्हरपूलमधली, विमानतळाजवळची जागा. शहरातून लिव्हरपूल साउथ पार्कवे स्थानकापर्यंत लोकल, आणि पुढे बस किंवा टॅक्सी. तासभर आधी पोहोचलात तर वेळ फुकट जात नाही. स्पीक हॉल हा सोळाव्या शतकातला काळ्या-पांढऱ्या लाकडी चौकटींचा वाडा आहे आणि त्याच्या चौकात ‘अ‍ॅडम’ आणि ‘ईव्ह’ नावाची दोन जुनी यू (yew) जातीची झाडं आहेत. चहा प्या आणि स्वच्छतागृहात जाऊन या. पुढे दोन घरांत ती सोय गृहीत धरू नका.

विमानानेच येत असाल तर तुम्ही उतरता तो विमानतळही ‘लिव्हरपूल जॉन लेनन’च. २००१ पासून त्याचं हे नाव आहे.

जाण्याआधीची तयारी

सोबत काय न्यायचं यापेक्षा काय नाही न्यायचं हे महत्त्वाचं. घरांच्या आत फोटो, व्हिडिओ, ध्वनिमुद्रण यांपैकी काहीही चालत नाही आणि हा नियम ते गंभीरपणे पाळतात. पाठीवरची मोठी सॅक हॉटेलवर ठेवा. खोल्या लहान आहेत, जिने अरुंद आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी किंवा व्हीलचेअर असणाऱ्यांनी तिकीट काढतानाच ट्रस्टला कळवावं. वरचा मजला प्रत्येकाला जमेल असं नाही. फोटो बाहेरून काढता येतात, त्यासाठी वेळही देतात. लिव्हरपूलचा वारा जूनमध्येसुद्धा बोचतो, तेव्हा एक जाकीट हवंच.

दुसरी तयारी कानांची. बीटल्सचा १९६३ चा पहिला अल्बम, ‘प्लीज प्लीज मी’, एकदा सलग ऐकून जा. त्यातली बहुतेक गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवसात ध्वनिमुद्रित झाली. गटाचं नंतरचं भारदस्त संगीत ऐकून गेलात तर या घरांशी त्याचा मेळ लागत नाही. इथे जे घडलं ते कोवळं, घाईचं आणि दोन गिटारींवर बसवलेलं होतं.

आणि एक गोष्ट मनाशी ठरवून जा. या घरांमध्ये वस्तू बघायला जाऊ नका. पाहाल त्यातलं बरंचसं सामान त्या काळातलं असलं तरी त्या कुटुंबांचं नाही. लेननच्या मावशीने घर १९६५ मध्ये विकलं, मॅकार्टनी कुटुंब १९६४ मध्ये निघून गेलं, मध्ये दुसरी माणसं राहिली, भिंती रंगवल्या गेल्या, खिडक्या बदलल्या. ट्रस्टने जुन्या फोटोंवरून आणि माणसांच्या आठवणींवरून खोल्या पुन्हा मांडल्या. तेव्हा ‘ही खरी त्याचीच खुर्ची का?’ असं विचारत बसलात तर निराश व्हाल. बदललं नाही ते एवढंच: खोल्यांची मापं, त्यांतला आवाज, जिन्याची उंची, खिडकीतून दिसणारं. तेवढं पाहिलंत तरी पुष्कळ.

मेंडिप्स: मावशीचं घर

बाहेर निळी पाटी दिसेल. ती इंग्लिश हेरिटेजची, डिसेंबर २००० मध्ये लावलेली. माणूस जाऊन वीस वर्षं झाल्याशिवाय ही संस्था पाटी लावत नाही, म्हणून लेननच्या घराला ती आहे आणि मॅकार्टनीच्या घराला नाही. कोणी म्हणालं ‘तिथे पाटीसुद्धा नाही’, तर चांगलंच आहे.

हे १९३३ चं जोडघर. समोर बाग, खिडक्यांना रंगीत काच, आणि नंबराच्या जोडीला स्वतःचं नाव. त्या काळच्या लिव्हरपूलमध्ये घराला नाव असणं म्हणजे काय, हे पॉलला चांगलंच कळत होतं. लेनन हा ‘कामगारवर्गाचा नायक’ म्हणून डोक्यात बसलेला असेल तर पहिला धक्का इथेच बसतो. मुलगा मध्यमवर्गीय घरात वाढला. आत सकाळी बसायच्या खोलीत (‘मॉर्निंग रूम’) नोकरांना बोलवायच्या जुन्या घंटांची पाटी आहे. नोकर नव्हते, घंटा होत्या.

जॉन पाच वर्षांचा असल्यापासून इथे राहिला. आई ज्युलिया जवळच दुसऱ्या घरी. त्याला वाढवलं मोठ्या मावशीने, मिमी स्मिथने, आणि तिचे यजमान जॉर्ज यांनी. जॉर्ज १९५५ मध्ये अचानक गेले. त्यांच्या माघारी मिमी विद्यार्थ्यांना खोल्या भाड्याने देऊन घर चालवत होती. म्हणजे बाहेरून टापटीप आणि आतून काटकसर. हे लक्षात ठेवून स्वयंपाकघर पाहा. तुम्ही आत शिराल तेही बहुधा मागच्या बाजूने, स्वयंपाकघरातून. मिमीच्या शिस्तीत जॉनचा रस्ता तोच होता.

घरातली सगळ्यात महत्त्वाची जागा लोक पटकन ओलांडून जातात. ती म्हणजे पुढच्या दाराबाहेरचा काचेचा चिमुकला पोर्च. गिटारींचा गोंगाट नको म्हणून मिमी मुलांना तिथे पाठवायची. खाली फरशी, बाजूला काच, त्यामुळे आवाज घुमून परत येतो, आणि मुलांना तो घुमणारा आवाज फार आवडायचा. दोन माणसं गिटारी घेऊन उभी राहिली की तिसऱ्याला जागा नाही. दोघांचे चेहरे एकमेकांसमोर, एक डावखुरा, एक उजवा. त्या दोघांच्या आवाजाचा जो एकजीव मेळ नंतर जगाने ऐकला, त्याचा सराव एवढ्याशा जागेत झाला. गाईडला विचारून एक ओळ गुणगुणून बघा. मराठी चालेल.

वर, पुढच्या दाराच्या डोक्यावर, जॉनची खोली. पलंग टाकला की संपते एवढीच. ‘प्लीज प्लीज मी’ हे गाणं आपण याच घरातल्या आपल्या खोलीत रचलं, असं त्याने सांगून ठेवलं आहे. इथे गर्दी होते आणि सगळे कुजबुजायला लागतात. मी म्हणेन, भिंतीवरचे फोटो सोडा, खिडकीपाशी जा. समोर मेनलव्ह अ‍ॅव्हेन्यूचा रुंद रस्ता दिसतो. १५ जुलै १९५८ ला बहिणीला भेटून निघालेली ज्युलिया याच रस्त्यावर, घरापासून जवळच, मोटारीखाली सापडून गेली. जॉन तेव्हा सतरा वर्षांचा. बॅन्जोवर सूर धरायला तिनेच त्याला शिकवलं होतं. या रस्त्याचा आवाज त्या खोलीत दिवसभर येतो.

हे घर २००२ मध्ये योको ओनोने विकत घेतलं आणि ट्रस्टला दिलं. मार्च २००३ मध्ये ते लोकांसाठी उघडलं.

फॉर्थलिन रोड: भाड्याचं घर

मिनीबसने काही मिनिटांतच तुम्ही दुसऱ्या जगात येता. म्हाडाच्या वसाहतीत एकासारखी एक घरं असावीत तशी रांगेतली घरं, पालिकेने बांधून भाड्याने दिलेली. पॉलची आई मेरी सुईण होती. १९५५ मध्ये कुटुंब इथे आलं आणि पुढच्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १९५६ ला, मेरी कर्करोगाच्या आजारात गेली. पॉल चौदा वर्षांचा, धाकटा मायकेल बारा. वडील जिम कापसाच्या व्यापारात नोकरीला, तरुणपणी स्वतःचा जॅझ बँड चालवलेले.

दोन मुलगे आणि एक बाप अशा बिनबाईच्या घराची मांडणी कशी असेल, ते पुढच्या खोलीत कळतं. भिंतींना एकच वॉलपेपर नाही. उरलेसुरले तुकडे स्वस्तात मिळाले ते जोडून लावलेले, गालिचेही तसेच. ही सजावट ट्रस्टने कल्पनेने केलेली नाही, तिला आधार आहे: मायकेल घरातच कॅमेरा घेऊन हिंडायचा. त्याने काढलेले फोटो आता त्याच घरात लावलेले आहेत, आणि माझ्या मते संपूर्ण सहलीतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

एक फोटो शोधा. १९६२ मधला. शेकोटीजवळ जॉन आणि पॉल गिटारी घेऊन बसलेत आणि समोर शाळेची वही उघडी आहे. त्या वहीत ‘आय सॉ हर स्टँडिंग देअर’चे शब्द. आता मान वर करा. तीच शेकोटी, तेवढीच खोली. जिम कामावर गेला की शाळा-कॉलेज बुडवून दोघं दुपारी इथे जमायचे. जॉनला मेंडिप्समध्ये अशी मोकळीक नव्हती. पॉलचं घर गरीब होतं, आईविना होतं, आणि दुपारी रिकामं होतं. गाणी इथे का झाली याचं उत्तर या रिकाम्या दुपारींत आहे असं मला वाटतं. दोन्ही घरं एकाच दिवशी पाहण्याचा आग्रह मी धरतो तो याचसाठी. एकच घर पाहून ते उमगत नाही.

खोलीत उभा पियानो आहे. जिमने मूळ पियानो घेतला तो एप्स्टाइन कुटुंबाच्या दुकानातून. त्याच कुटुंबातला ब्रायन पुढे बीटल्सचा व्यवस्थापक झाला. वरच्या मजल्यावर जा आणि मागच्या खिडकीतून पोलीस प्रशिक्षण केंद्राचं मैदान पाहा. मुलं तिथले घोडे आणि कवायती बघत असत. अंगणात बाहेरचा संडास आहे, आणि भिंतीला लागून पावसाच्या पाण्याचा पाइप. किल्ली विसरली की पॉल त्या पाइपावरून चढून घरातल्या वरच्या संडासाच्या खिडकीतून आत शिरायचा. गाईड हा किस्सा सांगतातच. तुम्हाला आधी माहीत असेल तरी पहिल्यांदा ऐकल्यासारखा ऐका, बिचारे रंगून सांगतात.

हे घर ट्रस्टने १९९५ मध्ये घेतलं आणि १९९८ मध्ये उघडलं. कल्पना पुढे सरकवली ती बीबीसीचे त्या वेळचे महासंचालक जॉन बर्ट यांनी, जे स्वतः लिव्हरपूलचे. तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली होती: नॅशनल ट्रस्टचं काम सरदारांचे वाडे जपायचं, पालिकेचं घर कशाला? २०१२ मध्ये दोन्ही घरांना वारसा-वास्तूचा दर्जा मिळाला.

प्रश्न मोकळेपणाने विचारा. फक्त ‘तुम्ही पॉलला भेटलात का?’ हा प्रश्न रोज कोणीतरी विचारतं. त्यापेक्षा ‘ही भिंत कशावरून ठरवली?’ असं विचाराल तर गाईडची कळी खुलते.

तिकीट मिळालंच नाही तर

तरी अर्धा दिवस छान जातो, आणि तोही पायी. शहरातून बसने वुल्टन गाठा आणि सुरुवात सेंट पीटर्स चर्चपासून करा. ६ जुलै १९५७ ला इथल्या जत्रेत जॉनचा ‘क्वारीमेन’ गट वाजवत होता आणि त्याच दिवशी चर्चच्या हॉलमध्ये पॉलची आणि त्याची ओळख झाली. कबरस्तानात १९३९ मध्ये वारलेल्या एलिनॉर रिग्बीचा दगड आहे; बीटल्सच्या एका गाण्याचं नावही हेच, म्हणून तो शोधणारे बरेच दिसतील. जॉनचे काका जॉर्ज स्मिथ यांची कबर मात्र कोणी शोधत नाही. तीही तिथेच आहे.

तिथून चालत स्ट्रॉबेरी फील्ड, बीटल्सच्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ गाण्यातलं. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेचं हे मुलांचं वसतिगृह १९३६ ते २००५ चाललं. २०१९ पासून जागा सर्वांसाठी खुली आहे. प्रदर्शन, बाग आणि उपाहारगृह, म्हणजे टेकायलाही बरं. रस्त्यावरच्या लाल फाटकाजवळ सगळे फोटो काढतात. ते फाटक नकलेचं आहे. पुढे दहाएक मिनिटांत मेनलव्ह अ‍ॅव्हेन्यू. रस्ता मोठा आहे, वाहनं वेगात असतात, समोरून फोटो काढायच्या नादात मागे सरकत जाऊ नका. मेंडिप्सवरून फॉर्थलिन रोडला चालत साधारण अर्धा तास. मधे गोल्फचं मैदान आहे, जॉन-पॉल ते ओलांडून एकमेकांकडे जात; तुम्ही आपला रस्ताच धरा. फॉर्थलिन रोडवर आवाज बारीक ठेवा. दोन्ही बाजूंच्या घरांत लोक राहतात आणि वर्षभर त्यांच्या दारासमोर कोणी ना कोणी गाणं म्हणत असतं.

वेळ उरला तर

वेव्हरट्रीमधलं १२, अर्नोल्ड ग्रोव्ह. जॉर्ज हॅरिसन इथे १९४३ मध्ये जन्मला. बोळाच्या शेवटचं इवलंसं घर. नॅशनल ट्रस्टचं नाही, खासगी आहे, त्यामुळे फक्त बाहेरून. आपल्याकडच्या वाचकांना ते पाहावंसं वाटेल, कारण भारताशी सगळ्यात घट्ट नातं जॉर्जचं. जानेवारी १९६८ मध्ये तो मुंबईत येऊन एचएमव्हीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण करून गेला. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया त्यात वाजवत होते. त्याआधी १९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’ अल्बममध्ये त्याच्या एका गाण्यावर तबला वाजला तो अनिल भागवत यांचा, आणि त्यांचं नाव अल्बमच्या वेष्टनावर छापलेलं आहे.

रिंगो स्टारची घरं डिंगल भागात, मॅड्रिन स्ट्रीट आणि अ‍ॅडमिरल ग्रोव्हवर. तीही बाहेरूनच. तिथे जायला टॅक्सी बरी. मॅथ्यू स्ट्रीटवरचा कॅव्हर्न क्लब मूळचा नाही, पहिला १९७३ मध्ये बंद झाला आणि आताचा १९८४ मध्ये बांधला; पण संध्याकाळी तिथे गाणं चालू असतं, आणि दिवसभर मुकाट्याने खोल्या पाहिल्यावर जोरात ऐकायला बरं वाटतं. शाकाहाऱ्यांनी जेवणासाठी बोल्ड स्ट्रीट गाठावा, तिथे उपाशी राहायची वेळ येत नाही. परतीची शेवटची गाडी लाइम स्ट्रीटवरून किती वाजता आहे ते मात्र जेवायला बसण्याआधी पाहून घ्या. रविवारी वेळापत्रक वेगळं असतं.